अक्षरशः ऐकणारा देव

मी खोटं बोललो नव्हतो, हे मला या लिखाणात सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं. पहिला खर्डा तिथूनच सुरू झाला होता. वाचून पाहिला तेव्हा कळलं, की मी अजून वकिलासारखा स्वतःचीच बाजू मांडत उभा आहे. तो कागद फाडला. आता जे झालं ते, जसं झालं तसं सांगतो.

हुबळीत विद्यानगरातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवला. राहायला केशवापुरात. माझी थोरली बहीण धारवाडला, सप्तापुरात. आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. आई कायम अंथरुणाला धरून असायची आणि वडील कोर्टात शिरस्तेदार, त्यामुळे मला न्हाऊ घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. पुढे ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते मी तिला कधी विचारलं नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिला मी अक्का म्हणतो आणि ती मला तम्मा म्हणते. धाकट्या भावाला कानडीत तम्म म्हणतात, त्याचंच लाडकं रूप. साठीला आलो तरी मी तिचा तम्माच.

अक्का शब्दाची पक्की. तुम्ही जे बोललात तेवढंच ती धरते, त्याच्या पुढे नाही आणि मागे नाही. ‘पाच मिनिटांत जेवायला येतो’ म्हटलं की ती घड्याळाकडे बघून पाचव्या मिनिटाला ताट वाढायची, आणि मी अर्ध्या तासानं गेलो तर गार भातासमोर तशीच बसलेली असायची. न जेवता. चिडायची नाही. ‘पाच म्हणाला होतास’ एवढंच.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आईनं लाडवांच्या डब्याला हात लावायचा नाही असं बजावलं होतं. मी सांडशी घेतली आणि एकेक लाडू तिच्यात धरून चार लाडू बाहेर काढून खाल्ले. अक्का दारात उभी राहून बघत होती. आईनं विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, “मी हात नाही लावला.” आईनं अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, “खरंच. हात नाही लावला त्यानं.” आईला हसू आलं आणि मी सुटलो. त्या दिवशी मी मनाशी एक खूणगाठ बांधली, की अक्काला गुंडाळणं सोपं आहे, फक्त वाक्य नीट जुळवायला हवं.

या खूणगाठीवर मी आयुष्यात बरंच काही उभं केलं. पुस्तकसुद्धा.

पन्नाशी उलटल्यावर मला लिहायची हौस लागली. पुराणातल्या गोष्टी पुन्हा सांगायच्या नव्हत्या. मला माझं स्वतःचं पुराण हवं होतं. म्हणून एक डोंगर रचला, त्याच्या पायथ्याशी एक गाव वसवलं आणि डोंगरावर एक देव बसवला, जो कुठल्याच पोथीत नाही. हा देव अक्षरशः ऐकायचा. भक्ताच्या मनात काय आहे ते त्याला दिसायचं नाही. तोंडातून जे बाहेर पडलं तेवढंच त्याला पोचायचं, आणि स्वतःच्या तोंडून गेलेल्या शब्दाला तो बांधलेला असायचा. गावकऱ्यांना हे कळलं, आणि मग पुढच्या पंचवीस गोष्टी म्हणजे गावानं देवाला कसं कसं फसवलं त्याच्या.

एका गोष्टीत देव सांगतो, माझ्या देवळात जो खोटं बोलेल त्याची जीभ टाळूला चिकटेल. गावकरी आपला बाजार देवळाच्या पायरीच्या एक हात पलीकडे मांडतात. देव आत बसून सगळं ऐकतो. दर वर्षी तो पुजाऱ्याच्या स्वप्नात येऊन देऊळ हातभर वाढवायला सांगतो, आणि दर वर्षी बाजार हातभर मागे सरकतो. दुसऱ्या गोष्टीत एक सावकार आजारपणात नवस बोलतो, की बरा झालो तर गाडीभर सोनं वाहीन. बरा होतो. मग तो दसऱ्याची वाट बघतो आणि त्या दिवशी बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, पानांनी भरलेली गाडी देवळापुढे रिकामी करतो. देव पानांकडे बघतो, गावाकडे बघतो. दसऱ्याला सगळं गाव ती पानं सोनं म्हणूनच एकमेकांना देत असतं. सगळे सोनं म्हणतात त्याअर्थी सोनंच, असं म्हणून देव ती गाडी स्वीकारतो. ही गोष्ट लोकांना फार आवडली.

अशा गोष्टी लिहिताना मी उलट्या टोकाकडून सुरुवात करायचो. आधी पळवाट शोधायची आणि मग तिच्याभोवती देवाचं वाक्य बांधायचं. वाक्य पहिल्यांदा वाचताना भक्कम वाटलं पाहिजे, सुईसुद्धा शिरणार नाही असं, आणि तरी त्यात एक शब्द असा हवा की त्याच्यातून अख्खा माणूस निसटून जावा. तो शब्द सापडला की मला फार मजा यायची. खोलीत एकटाच हसायचो.

प्रत्येक गोष्ट मी आधी अक्काला वाचायला द्यायचो. ती लाल पेनानं ऱ्हस्वदीर्घ तपासून परत करायची. देवाबद्दल एकदाच बोलली. “तुझ्या ह्या देवाला काहीच कळत नाही होय?” मी म्हणालो, “त्याला कळत नाही, त्यातच तर गंमत आहे.” ती “असं होय” म्हणाली आणि पुढचं पान उलटून एका वेलांटीभोवती गोल केला.

पुस्तक कोल्हापूरहून निघालं. धारवाडच्या काही मराठी वाचकांनी प्रकाशनाचा छोटा कार्यक्रम ठरवला, शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. हॉल ठरला, पत्रिका छापल्या. आणि त्याच सुमारास अक्काच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. हुबळीतल्या डॉक्टरांनी रविवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं आणि शनिवारी सकाळीच दाखल व्हायला सांगितलं, म्हणजे तपासण्या उरकतील. माझी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला होती. म्हणजे अक्काजवळ थांबायला मीच.

कार्यक्रम पुढे ढकलता आला असता. आयोजकांना मी सांगितलं तेव्हा ते स्वतःच म्हणाले, “सर, पुढच्या आठवड्यात करूया की. पेशंट महत्त्वाचं.” मी म्हणालो, “नको नको, ऑपरेशन रविवारी आहे. शनिवारी नुसत्या तपासण्या.” माझ्यासाठी कुणी हॉल धरल्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मला ती पुढच्या आठवड्यावर सोडवेना.

शनिवारी सकाळी मी अक्काला टॅक्सीनं हुबळीला आणलं. अंगात नवा, कडक इस्त्रीचा रेशमी जुब्बा. नंतर बदलायला वेळ मिळणार नाही म्हणून तोच घालून निघालो होतो. अक्कानं जुब्बा पाहिला, पण काही विचारलं नाही. बायकांच्या वॉर्डात खिडकीकडची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर नवलगुंदकडची एक तरुण बाई होती आणि तिच्याजवळ तिची आई, डोक्यावरून इरकली लुगड्याचा पदर घेतलेली, बसून राहिलेली. तिला मराठी येत नव्हतं. अक्का शिक्षिका होती हे कळल्यावर ती तिला इकडच्या रिवाजाप्रमाणे ‘अक्कोरे’ म्हणू लागली आणि दोघींचं कानडीत चांगलंच जमलं.

दुपारी एकच्या सुमारास रक्त-लघवी, सोनोग्राफी सगळं झालं. मी घड्याळ बघत होतो. अक्का उशीवर डोकं टेकून पडली होती. एकदम म्हणाली, “तम्मा, घरी जाऊ नको रे.”

ती असं का म्हणाली ते मला माहीत होतं, निदान मला तसं वाटलं. आमची आई सरकारी दवाखान्यात वारली तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. वडील घरी डबा आणायला गेले होते. ते परत येईपर्यंत चादर तोंडावरून ओढलेली होती. अक्का तेव्हा शाळेत होती. त्याबद्दल ती कधी बोलत नाही.

मी तिचा हात धरला आणि म्हणालो, “नाही गं. घरी कशाला जाईन?”

हे वाक्य बोलताना, बोलता बोलताच, मला कळलं की यात पळवाट आहे. मला जायचं होतं हॉलवर, घरी नाही. आणि तो शब्द सापडल्यावर मला जसं व्हायचं तसंच झालं. आनंद झाला. बहिणीचा हात हातात आणि मला बरं सुचल्याचा आनंद झाला.

साडेतीनला तिचा डोळा लागला. नर्सला माझा नंबर दिला, “जरा बाहेर आहे, काही लागलं तर फोन करा” म्हणालो आणि धारवाडची बस पकडली.

हॉलमध्ये साठेक माणसं होती. माझ्या मानानं पुष्कळच. शाल घातली, फळांची करंडी दिली, दोघंजण बरं बोलले. मग मी उभा राहिलो. फोन आवाज बंद करून खिशात. मी बन्नीच्या पानांची गोष्ट वाचली. देव पानांकडे बघतो, गावाकडे बघतो, इथं मी जरा थांबलो, आणि लोक अगदी हवे तसे हसले. शेवटी एका बाईंनी विचारलं, “असा देव तुम्हाला सुचला कुठून?”

मी म्हणालो, “सुचायला कशाला हवा? आमच्या घरातच आहे.” आणि अक्काची गोष्ट सांगितली. आधी सांडशीनं लाडू खाल्ल्याची. ती रंगली. मग माझी जीभ थांबेना. म्हणालो, “लांबचं कशाला, आज दुपारचंच सांगतो. बहीण दवाखान्यात आहे. मला म्हणाली, घरी जाऊ नको. मी म्हटलं, नाही जाणार. आता बघा, मी कुठं घरी गेलोय? मी तर तुमच्याकडे आलोय!”

सगळा हॉल हसून लोळला. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ चष्मा काढून डोळे पुसत होते. त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हशा मला त्याच वाक्यावर मिळाला. पुस्तकातल्या एकाही वाक्यावर तेवढा मिळाला नव्हता.

चहाच्या वेळी खिशातून फोन काढला. नऊ मिस्ड कॉल. सगळे दवाखान्याचे. लावला तर नर्स म्हणाली, “सर, एल्लिदीरी? कुठं आहात? पेशंटला ऑपरेशनला आत घेतलंय.”

फळांची करंडी तिथंच राहिली. शाल पुस्तकांच्या पिशवीत कोंबली आणि बसमध्ये बसलो. धारवाडहून हुबळी हे काही फार अंतर नाही, पण त्या बसमध्ये मी उभाच राहिलो, जागा असून. बसवेना.

वॉर्डात पोचलो तेव्हा अक्काची खाट रिकामी होती. खाटेशेजारच्या स्टुलावर, म्हणजे जिथं मी बसायला हवं होतं तिथं, ती नवलगुंदची म्हातारी बसली होती. स्वतःच्या मुलीकडे पाठ करून. मला बघून उठली नाही.

“नीव अवर तम्म एन्री?” तिनं विचारलं. तुम्हीच का यांचे धाकटे भाऊ?

मी हो म्हणालो. मग तिनं कानडीतून सांगितलं ते असं. साडेचारच्या सुमारास अक्काला एकदम थंडी वाजून ताप भरला आणि पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी सकाळपर्यंत थांबायचं नाही असं ठरवलं. सही घ्यायला नातेवाईक हवा होता. मला शोधायला सुरुवात झाली. कॅन्टीनमध्ये बघून आले, खाली औषधांच्या दुकानात बघून आले, गाड्या लावायच्या जागी बघून आले. फोन तर चालूच होते. अक्का कळा सोसत प्रत्येकाला सांगत होती, “माझा तम्मा इथंच आहे. घरी जात नाही तो.” नर्स म्हणाली, फोन उचलत नाहीत. तर अक्का म्हणाली, इथं रेंज नसेल. शेवटी अक्कानं स्वतःच सही केली आणि साक्षीदार म्हणून ह्या म्हातारीनं अंगठा उठवला. दुसरं कुणी नव्हतंच.

“भ्याल्या होत्या,” म्हातारी म्हणाली. “मी हात धरून दारापर्यंत गेले. आत मला सोडलं नाही.”

तिच्या पदराच्या टोकाला एक जाड गाठ होती. अक्काच्या सोन्याच्या बांगड्या तिनं त्यात बांधून ठेवल्या होत्या. कवळीची डबी मांडीवर होती.

“माझ्याकडे द्या,” मी म्हणालो. “तुम्हाला उगीच त्रास.”

“त्यांच्या हातात देईन,” ती म्हणाली. “तसं सांगून घेतल्यात.”

भांडण नव्हतं तिच्या आवाजात. ती मला चोर समजत होती असंही नाही. कबूल केलेलं ती पाळत होती, इतकंच. मी समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. ती माझ्या बहिणीच्या बांगड्या मुठीत धरून माझ्या जागेवर बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, जेवलात का? मी नाही म्हणालो. तिनं फडक्यातून ज्वारीची भाकरी काढली, वर शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि माझ्यापुढे धरली. घेताना माझ्या पिशवीतून शालीचा जरीचा काठ बाहेर आला होता. तिनं तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी खाल्ली. भूक लागली होती, हे सांगायलाही मला लाज वाटते.

साडेआठला अक्काला वॉर्डात आणलं. ऑपरेशन नीट झालं होतं. तिचा चेहरा कवळीशिवाय लहान, खोल गेलेला दिसत होता. डोळे अर्धे उघडे. मी वाकलो.

“आलास?”

“आलो, अक्का.”

“घरी गेला नव्हतास ना?”

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी म्हणालो, “नाही. घरी नाही गेलो.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली, अक्काचा हात उचलून एकेक बांगडी हातात सरकवली आणि आपल्या मुलीच्या खाटेकडे गेली.

पुढचे चार दिवस मी दवाखान्यातून हललो नाही. कुणी ते चांगलं म्हणालं तर मला ते लागायचं. मंगळवारी नवलगुंदच्या मायलेकी घरी गेल्या. मी त्यांना बसस्टँडपर्यंत रिक्षा करून दिली आणि म्हातारीला नमस्कार केला. ती म्हणाली, “अक्कोरना नीट बघा.” मी मान हलवली.

अक्का सप्तापूरला परतली. मला वाटलं, सुटलो. पण कार्यक्रमाचा व्हिडिओ निघाला होता. आयोजकांनी त्याचा एक तुकडा कापून सगळीकडे पाठवला, आणि तो तुकडा नेमका तोच. सांडशी आणि ‘मी तर तुमच्याकडे आलोय’. मी त्यांना फोन करून काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, “सर, फार आवडलाय लोकांना. आता कुणाकुणाकडे गेलाय काय सांगणार?” खरं कारण मी त्यांना सांगू शकलो नाही. म्हणालो, “आवाज नीट नाहीये त्यात.”

त्यानंतर दर रविवारी मी सप्तापूरला जायचो. तिला बघायला जातो असं म्हणायचो, पण जायचो ते तिनं पाहिलंय का ते बघायला. तीन रविवार काही नाही. चौथ्या रविवारी दार उघडंच होतं. अक्का टेबलाशी बसली होती, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. माझाच आवाज येत होता.

मी चपला काढत दारातच थांबलो. हशा झाला, टाळ्या झाल्या, व्हिडिओ संपला.

“शाळेतल्या एका मुलीनं पाठवला,” ती म्हणाली. ती मुलगी आता पन्नाशीची असेल. “ये आत. चांगलं बोललास.”

“अक्का—”

“पण एक चुकलं. मी म्हणाले होते, ‘घरी जाऊ नको रे’. तू लोकांना सांगताना ‘रे’ गाळलास.”

मी तिच्यासमोर खुर्चीत बसलो. ती उठून आत गेली, पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली. पाणी प्यायल्यावर मी म्हणालो, “मी तुला फसवलं, अक्का.”

“फसवलं कुठं? सकाळीच कळलं होतं मला. दवाखान्यात इस्त्रीचा रेशमी जुब्बा घालून कोण येतं? आणि शनिवारचा कार्यक्रम मला ठाऊक नव्हता का? पत्रिका तूच दिली होतीस.”

“मग?” मी विचारलं. “मग ‘घरी जाऊ नको’ का म्हणालीस? ‘कार्यक्रमाला जाऊ नको’ म्हणायचंस. मी गेलो नसतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत, उत्तर चुकलेल्या पोराकडे बघत असेल तशी. रागावून नाही.

“गेला असतास,” ती म्हणाली. “आणि मग खोटं बोलायला लागलं असतं तुला. ते नको म्हणून ‘घरी’ म्हटलं.”

मी पंचवीस गोष्टी लिहिल्या होत्या. देवाच्या प्रत्येक वाक्यात मी स्वतःच्या हातानं एक फट ठेवली होती आणि ती गावकऱ्यांना सापडल्यावर देवाला हसलो होतो. ती फट देवानंच ठेवली असेल, हे पंचवीसपैकी एकाही वेळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या पुस्तकाचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते हे, की सत्तर वर्षांच्या एका बाईला, ऑपरेशनची धास्ती असताना, मला खोटं बोलण्यापासून वाचवायचं सुचलं.

“पण दुखायला लागल्यावर तू सगळ्यांना सांगत होतीस ना, तम्मा इथंच आहे म्हणून?”

“तेव्हा वाटलं, नसशीलच गेला,” अक्का म्हणाली. “दुखायला लागलं की माणूस काहीही मानतो.”

मी म्हणालो, “चुकलं माझं. माफ कर.”

“काय चुकलं?”

तिला हे असंच लागतं. नुसतं ‘चुकलं’ चालत नाही. मी म्हणालो, “तुला एकटीला टाकून गेलो.”

“ते मला माहीत होतं. मी जाऊ दिलं. दुसरं?”

“शुद्धीवर आल्यावर विचारलंस, तेव्हाही खरं सांगितलं नाही.”

“हं.”

“आणि... तुझ्यावर लोकांना हसवलं.”

तिनं मोबाइल उचलून पालथा ठेवला. मग म्हणाली, “ते पुढच्या रांगेतले म्हातारे गृहस्थ आहेत ना, चष्मा काढून डोळे पुसणारे, ते माझ्या शाळेत माझ्याबरोबर शिकवायला होते. रस्त्यात भेटतात. परवा विचारत होते, काय अक्कोरे, भाऊ घरी गेला की नाही?” तांब्या-भांडं उचलत म्हणाली, “मी म्हटलं, गेला, मला घरी सोडल्यावर.”

यावर मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. तिनं विचारलं, भात लावू का, आणि मी हो म्हणालो. जेवताना ती माझ्या मुलीबद्दल, वरच्या भाडेकरू मुलींबद्दल बोलत होती. त्या मुली बाथरूमचा दिवा चालू ठेवतात.

त्यानंतर मी देवाची एक नवी गोष्ट लिहायला घेतली, त्याच्या बाजूनं. सहा-सात वेळा सुरू केली. देवाच्या तोंडी वाक्य घालायला गेलो की माझ्याच हातून ते शहाणपणाचं, मोठ्या मनाचं व्हायचं, आणि मग ते मीच मला दिलेलं प्रशस्तिपत्र वाटायचं. ती गोष्ट झाली नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढूया का, असं कोल्हापूरहून विचारलं होतं. मी उत्तर लांबवलं आहे. गोष्टी वाईट नाहीत, हेही मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असणंही आता नकोसं होतं.

गेल्या महिन्यात अक्काला पुन्हा तपासणीला नेलं, त्याच दवाखान्यात. एक इंजेक्शन होतं, त्यानंतर दोन तास पडून राहायचं होतं. काउंटरवरच्या मुलीनं कागद भरता भरता विचारलं, “सोबत कोण आहे?”

मी शेजारीच उभा होतो, फाइल हातात धरून. अक्का माझ्याकडे वळली. “थांबणार आहेस का तू?”

“थांबणार आहे.”

“इथंच?”

“इथंच. बाकावर. कुठंही जाणार नाही.”

अक्कानं मुलीला सांगितलं, “लिहा. भाऊ. थांबतो म्हणतोय.”

मुलीनं ‘भाऊ’ एवढंच लिहिलं. मी बाकावर बसलो. अकरा ते एक. समोरच्या टीव्हीवर कानडी बातम्या चालू होत्या, आवाजाशिवाय. मधे चहा घ्यावासा वाटला, पण चहासाठी खाली जावं लागलं असतं, म्हणून राहू दिला. एक वाजता अक्का बाहेर आली, दंडावर कापूस दाबत. मला बाकावर बसलेलं पाहिलं, मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आणि म्हणाली, “चल.”